मंगळवारच्या सहा बाटल्या

१

माझ्या हातात एक कागद होता आणि समोर त्रेचाळीस आजारी माणसं. दोघांपैकी कुणीतरी खोटं बोलत होतं. आता जुलाबाच्या बाबतीत माणूस सहसा खोटं बोलत नाही, म्हणून मला कागदाचा संशय होता.

कागद शहराच्या पाणी तपासणी लॅबचा होता. गेल्या मंगळवारी सहा ठिकाणच्या नळांचे नमुने घेतले, सहाही निर्दोष, पाणी पिण्यास योग्य. खाली सही. ती सही मी शाळेच्या वह्यांवर घोटून घेतली होती, कारण ती माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीची होती.

मी साथीच्या रोगांची डॉक्टर. शुक्रवारपासून शहराच्या सखल भागातली, म्हणजे खालच्या गावातली माणसं पोट धरून हॉस्पिटलात येत होती, सगळी खालच्या गावातलीच. शनिवारी त्यांतली एक आजी गेली. रविवारी मी भांडून खालच्या गावाचं पाणी बंद करायला लावलं आणि टँकर सुरू केले. आज सोमवार. दुपारी चार वाजता आयुक्तांपुढे बैठक होती आणि तिथे दोनच गोष्टी होऊ शकत होत्या. रिपोर्ट खरा ठरला तर पाणी निर्दोष, मग व्हॉल्व्ह पुन्हा उघडणार. खोटा ठरला तर जिची सही ती घरी जाणार. नवा नमुना घ्यावा म्हटलं तर नळ कोरडे, आणि तपासणीला पूर्ण दिवस लागतो.

म्हणजे गावाचं पाणी बंद ठेवायचं तर मला माझ्याच बहिणीचा रिपोर्ट खोटा पाडायला हवा होता. सकाळपासून मी एका जागी बसलेले नव्हते. चहा मागवायचे आणि तो गार होईपर्यंत दुसऱ्याच खोलीत असायचे.

बायकांच्या वॉर्डात सगळ्यांना तेच प्रश्न विचारून झाले. काय खाल्लं? वेगवेगळं. कुठलं पाणी प्यायलात? नळाचं. शेवटच्या खाटेपाशी पोचले तर तिथली बाई या साथीतली नव्हती. तिची उजवी बाजू लुळी पडली होती आणि ती हातातला रबरी चेंडू दाबत आकडे मोजत होती.

"त्या आधीपासूनच्या आहेत," नर्सबाई म्हणाल्या. "महिना झाला. तुमच्या गर्दीत सापडल्यात बिचाऱ्या."

मी बेसिनवर हात धुतले. नळाचं तोंड काळं पडलं होतं, करपलेल्या पातेल्यासारखं.

"बघा ना!" नर्सबाईंना विषयच मिळाला. "दर बुधवारी घासते मी हा नळ, की पुढच्या मंगळवारी पुन्हा काळा. सिगारेटी विझवतात मेले. या खेपेला मीही हट्टाला पेटले, नाही घासला. राहू दे तसाच!"

मी मान हलवली आणि निघाले. माझ्या डोक्यात तो नळ नव्हता, बहिणीची सही होती.

२

धाकटी लॅबच्या दारातच उभी होती. डोळे सुजलेले, पण मान ताठ.

"ताई, माझा रिपोर्ट खरा आहे."

"मग त्रेचाळीस माणसं हौसेनं आजारी पडलीत का?"

"ते मला माहीत नाही. बाटल्या सीलबंद आल्या. सील मी तोडलं. तपासणी मी केली. एकही जंतू उगवला नाही. जे दिसलं तेच लिहिलं."

ती लहानपणी खोटं बोलली की डाव्या हाताची नखं कुरतडायची. मी तिच्या हाताकडे पाहिलं. हात स्वस्थ होता. पण बहिणीचा हात हा काही पुरावा नव्हे.

लॅबप्रमुखांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले. त्यांच्यामागे भिंतीवर लॅबच्या मान्यतेचं प्रमाणपत्र फ्रेममध्ये लावलेलं होतं आणि ते सारखे त्याच्याकडे बघत होते, कुणी काढून नेईल की काय अशा नजरेनं.

"सगळे आकडे मर्यादेत आहेत, डॉक्टर. सगळ्यांपुढे बरोबरची खूण आहे."

"खुणा नकोत, आकडे द्या. दोन महिन्यांचे."

कागद येईपर्यंत मी आत डोकावले. मामा टँकरच्या पाण्यानं बाटल्या विसळत होते. ते कुणाचेच सख्खे मामा नाहीत, पण अख्खी लॅब त्यांना मामा म्हणते. गेली तीस वर्षं दर मंगळवारी स्कूटरवरून सहा ठिकाणचे नमुने तेच आणतात. मी शिकाऊ होते तेव्हा नमुना घ्यायला मला त्यांनीच शिकवलं, आणि पुढे धाकटीलाही.

"काय डॉक्टरीणबाई, विसरलात की आहे लक्षात?" त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"आधी दोन मिनिटं पाणी वाहू द्यायचं. मग स्पिरिटच्या बोळ्यानं नळाचं तोंड जाळायचं, म्हणजे तोंडावरचे जंतू मरतात. मग पुन्हा वाहू द्यायचं. मग बाटली."

"शाब्बास." ते हसले, पण हसू गालापर्यंत पोचलं नाही. फार वाळले होते. तीन महिन्यांत निवृत्ती, म्हटलं त्याचीच काळजी असेल.

"मंगळवारी सहाही ठिकाणी गेला होतात ना?"

"नोंदवहीत आहे की, बाई."

कागद आले. मी ते टेबलावर शेजारी शेजारी मांडले, आठ आठवड्यांचे आठ. जंतूंच्या रकान्यात सगळीकडे शून्य. त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. पण प्रत्येक ठिकाणची एक वेगळी बाटली क्षार मोजायलाही येते, आणि त्या रकान्यावर माझं बोट अडकलं.

आमच्या शहराला दोन ठिकाणचं पाणी येतं. खालच्या गावाला तलावाचं, ते गोडं. वरच्या गावाला बोअरचं, ते जड, त्यानं किटलीत पांढरे थर बसतात. पहिल्या चार आठवड्यांत खालच्या तीन ठिकाणी क्षार नव्वदच्या आसपास होते आणि वरच्या तीन ठिकाणी चारशेच्या. अगदी हवं तसं. नंतरच्या चार आठवड्यांत सहाही ठिकाणी चारशे. ४०२, ३९८, ४०१. मर्यादा पाचशेची, म्हणून प्रत्येक आकड्यापुढे बरोबरची खूण.

"धाकटे," मी हाक मारली. "इकडे ये. हे सहा नळ नाहीत. हा एकच नळ आहे, सहा वेळा."

तिनं कागद पाहिले आणि टेबलाची कड घट्ट धरली.

३

कुणावर आळ घेण्याआधी एक शंका फेडायला हवी होती. या महिन्यात खालच्या गावाला बोअरचं पाणी सोडलं असेल तर माझा शोध फुकट. मी पंपहाऊस गाठलं.

तिथला मुख्य माणूस मोटारींच्या घरघरीवर ओरडून बोलायचा आणि बाहेर आला तरी त्याचा आवाज तेवढाच राहायचा.

"माझं पाणी म्हणजे दूध आहे, मॅडम, दूध!"

"पाणी दुधासारखं दिसायला लागलं तर मला आधी कळवा. बोअरचं पाणी खाली सोडलं होतं का?"

"कसं सोडणार? दोन्ही लाइनींच्या मधला व्हॉल्व्ह गंजून बसलाय. तीन वर्षं हललेला नाही. चला, दाखवतो."

त्यानं दाखवला. मी स्वतः चाक ओढून पाहिलं. हाताला गंज लागला, चाक हललं नाही. खालच्या गावात बोअरचं पाणी जायला वाटच नव्हती.

तेव्हा चार आठवडे सहाही बाटल्या वरच्या गावातल्या एकाच नळावर भरल्या जात होत्या. खालच्या गावाच्या पाण्याची तपासणी महिनाभर झालेलीच नव्हती. मी तिथेच गाडीला टेकून विचार करायला लागले. लॅब खालच्या गावात. मामांचं घरही खालच्या गावात, लॅबच्या मागच्याच गल्लीत. त्यांच्या घरून लॅबमध्ये येणाऱ्या किटलीतला चहा मी कितीदा प्यायले आहे, किटली आतून लख्ख असते.

मग लॅबमधलं वरच्या गावात राहतं कोण? लॅबप्रमुख एक.

आणि दुसरी माझी बहीण. मी गाडी लॅबकडे वळवली.

४

साडेअकरा वाजले होते. मी धाकटीला लॅबबाहेरच्या पायऱ्यांवर बसवलं. स्वतः बसणं मला जमेना, मी येरझारा घालत विचारलं.

"घरी भरल्यास का बाटल्या?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला माझीच लाज वाटली.

"ताई, मला खोटंच करायचं असतं तर मी बाटल्या कशाला भरल्या असत्या? रिपोर्ट मीच लिहिते ना?"

मी थांबले. आमच्या घरात अक्कल कुणाकडे आहे याची आईला कायम शंका असायची. आज त्या शंकेचा निकाल लागला असता.

बरोबर होतं तिचं. खोटा आकडा लिहायला पाणी लागत नाही, पेन पुरतं. लॅबप्रमुखांनाही तेच लागू. त्यांना लबाडी करायची असती तर त्यांनी खालच्या गावापुढे नेहमीचे नव्वदच लिहिले असते, आणि मला काही म्हणजे काही दिसलं नसतं. ज्यानं हे केलं त्याला बाटल्या भरून आणणं भाग होतं, कारण आकडा त्याच्या हातात नव्हता. शिवाय सील बाहेर, नमुना घेतो त्या नळापाशीच लागतं, लॅबमध्ये नाही.

दोघींच्याही मनात एकच नाव आलं.

"मामा असं करणार नाहीत," धाकटी म्हणाली. "आणि केलंच तर वर कशाला जातील? मागच्या गल्लीत घर आहे त्यांचं. पाच मिनिटांत भरल्या असत्या."

"ते मलाही कळत नाहीये."

"ताई, एक सांगू? चुकलं माझंही. क्षारांचा आकडा मी स्वतः काढत होते. मर्यादेत आहे म्हणून खूण करत होते. गेल्या आठवड्याचा कागद उघडून बघितलाच नाही कधी."

तिचं खरं होतं, म्हणून मी समजूत घातली नाही. मी नोंदवही मागितली. तीत मामांच्या वळणदार अक्षरात दर मंगळवारी, दर ठिकाणापुढे लिहिलं होतं: नळाचं तोंड जाळलं. पाचव्या ठिकाणच्या पत्त्यावर माझी नजर थांबली. खालच्या गावातला, गल्लीच्या तोंडाशी असलेला सार्वजनिक नळ. त्याला लागून असलेलं घर शनिवारी गेलेल्या आजीचं होतं.

५

दार सुनेनं उघडलं. घरात दुःख होतं आणि मी प्रश्न विचारायला आले होते. या नोकरीत तेवढा निगरगट्टपणा अंगी बाणवावा लागतो.

"नमुना घ्यायला कुणी येतं का इथे?"

"सासूबाईंना माहीत असायचं. मी दिवसभर कामावर. दर मंगळवारी एक मामा येतात म्हणायच्या. पाणी वाहू देईपर्यंत उभे राहतात, म्हणून त्या खुर्ची काढून ठेवायच्या. तीस वर्षांची ओळख, बाई. बोलत बसायचे दोघं. मामा गेले की खुर्ची पुन्हा आत."

"अलीकडे आले होते?"

"मी बघितलं नाही." तिनं कोपऱ्यातल्या खुर्चीकडे पाहिलं. "पण गेले काही मंगळवार मी संध्याकाळी घरी यायची, तर खुर्ची बाहेरच असायची. मला वाटायचं, म्हाताऱ्या झाल्या, विसरतात."

 मी नळाकडे वळले. नळ पांढरा होता, स्वच्छ, नवाकोरा. मी नखानं वाजवून पाहिला.

"प्लास्टिकचा?"

"पितळी चोरीला गेला ना. महिना होऊन गेला. तेव्हा हा बसवून गेले."

प्लास्टिकच्या नळाला जळता बोळा लावला तर त्याचं तोंड वितळतं. या नळावर साधा ओरखडाही नव्हता. आणि नोंदवहीत चारही मंगळवारी लिहिलं होतं, नळाचं तोंड जाळलं. नळ बदललाय हेसुद्धा मामांना ठाऊक नव्हतं.

म्हणजे ते आलेच नव्हते. पण मग गेले कुठे? मी गाडीत बसले, किल्ली लावली, आणि हात तिथेच राहिला. तीस वर्षांची सवय असलेला माणूस. तो चुकीच्या नळावर गेला तरी हात तेच करणार. आधी पाणी वाहू देणार, मग बोळा पेटवणार.

मला जळलेला नळ शोधायची गरज नव्हती. सकाळी मी त्याच्याखाली हात धुतले होते.

६

दीड वाजता मी वॉर्डात शिरले. शेवटच्या खाटेपाशी मामा बसले होते. समोर डबा उघडा होता आणि ते त्या बाईला घास भरवत होते. भरवता भरवता म्हणत होते, "आता तू मोज. एक."

माझ्याकडे पाहिलं आणि त्यांनी चमचा खाली ठेवला.

"बाहेर येता का, मामा?"

आम्ही बेसिनपाशी उभे राहिलो. मी नळाच्या तोंडावर बोट फिरवलं आणि काजळी त्यांना दाखवली.

"हे हॉस्पिटल वरच्या गावात आहे," मी म्हणाले. "पाणी बोअरचं, क्षार चारशे. हा नळ दर मंगळवारी काळा होतो. नर्सबाईंना वाटतं, सिगारेटी. पाचव्या ठिकाणचा नळ महिन्यापूर्वी प्लास्टिकचा झालाय, आणि तुम्ही तो चार वेळा जाळल्याचं लिहिलंय. तुमच्या बायकोला इथे येऊन महिना झाला. मामा, चुकतंय का माझं काही?"

"नाही." त्यांनी भिंतीला हात टेकला. "मंगळवारी दहा ते दोन व्यायामाच्या डॉक्टर असतात. घरचं माणूस हवंच म्हणाल्या, हात कसा फिरवायचा ते शिकायला. नाहीतर हात कायमचा जाईल. रजा सगळ्या तिच्या आधीच्या आजारपणात संपलेल्या. आणि बाटल्या एकच्या आत लॅबमध्ये हव्यात. म्हटलं, एक मंगळवार. तीस वर्षांत कधी काही निघालं नाही त्या नळांना. मग दुसरा मंगळवार."

"कुणाला सांगायचं होतंत! धाकटी गेली असती. मी गेले असते!"

मी ओरडले होते. वॉर्डातल्या माना वळल्या.

"सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "तीस वर्षं माझं काम मीच केलं. मागता नाही आलं."

मला त्यांचा संताप आला होता आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवावासाही वाटत होता. मी यांतलं काहीच केलं नाही. मनात राहिलेला एकच प्रश्न विचारला.

"खोट्याच बाटल्या भरायच्या होत्या, तर नळ कशाला जाळलात?"

ते चकितच झाले. हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता.

"न जाळता कसा घेणार, बाई? नमुना बिघडला असता."

मी घड्याळ पाहिलं. पावणेदोन.

"मामा, चारला बैठक आहे. धाकटीच्या सहीवर फैसला होणार आहे. ती तुमचं नाव घेणार नाही, मी तिला ओळखते. आणि तुमच्या बाटल्या खऱ्या धरल्या तर संध्याकाळी व्हॉल्व्ह उघडेल."

ते वॉर्डाकडे वळले. त्यांची बायको डाव्या हातानं चमचा धरायची खटपट करत होती.

"पाचव्या ठिकाणची आजी," ते हळूच म्हणाले. "ती पाण्यानंच गेली ना?"

"हो."

"तिला भरवून येतो. मग निघू."

७

बैठकीत मामा उभं राहून बोलले. पाच मिनिटंही लागली नाहीत. धाकटीनं तपासलेलं पाणी तिनं नीटच तपासलं होतं, फक्त ते गावाचं पाणी नव्हतं, एवढं सगळ्यांना कळलं. तरी तीही उठली आणि क्षारांचे आकडे आपण बघूनही बघितले नाहीत, हे तिनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. तिला ताकीद मिळाली, नोकरी राहिली. मामा त्याच दिवशी निलंबित झाले. व्हॉल्व्ह बंदच राहिला.

चौथ्या दिवशी पाइप सापडला. पाचव्या ठिकाणापासून वीस पावलांवर, गटाराला खेटून, तडकलेला. तडा जुना होता, तीन आठवडे तरी झाले असावेत, असं खणणारे म्हणाले. मामा एकदा जरी तिथे गेले असते तरी तिथेच उभ्या उभ्या कळलं असतं. बाटली भरण्याआधी काचेच्या नळीत थोडं पाणी घेऊन क्लोरीन तपासायची गोळी टाकतात, क्लोरीन असेल तर पाणी गुलाबी होतं. गटाराच्या घाणीनं क्लोरीन संपलेलं त्या नळाचं पाणी झालं नसतं.

त्यानंतरच्या मंगळवारी माझा शेवटचा रुग्ण घरी जायचा होता, म्हणून मी वॉर्डात गेले. धाकटी त्या वेळी मामांची पिशवी घेऊन सहा नळांच्या फेरीवर होती. मामा शेवटच्या खाटेपाशी होते. बायकोचा हात कोपरात धरून सावकाश वर नेत होते आणि ती मोजत होती. आता बरं बोलायला लागली होती.

"आज मंगळवार ना?" तिनं मध्येच विचारलं. "बाटल्यांची पिशवी कुठाय तुमची?"

"धाकटीकडे दिली."

"तिला घालते का ती आजी खुर्ची? तुमच्यासारखी?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं. माझी जीभ उचलली होती, हो म्हणून मोकळी होणार होते. आजारी बाईला कशाला सांगायचं, असं कुणीही म्हणालं असतं. मामांनी मान हलवून मला गप्प केलं.

"नाही," ते म्हणाले. "ती गेली."

"अगं बाई. कधी?"

त्यांनी तिचा हात चादरीवर अलगद ठेवला.

"मी इथे होतो तेव्हा."

 चेंडू तिनं स्वतःच उचलला आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली. मी बेसिनवर जाऊन हात धुतले. नर्सबाईंनी नळ घासून लख्ख केला होता.